सुलोचना दाईचा व्हिडिओ

केवळरामच्या बांधीत रोवणा चालू होता. वरून पावसाची बुरबुर, खाली पोटरीभर चिखल. चौदा बाया ओळीनं वाकून धानाची रोपं खोवत मागं मागं सरकत होत्या, आणि गावातली पाच-सहा पोरं बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभी राहून त्यांच्याकडं रोपांच्या पेंढ्या फेकत होती. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी कालव्यानं वेळेवर आलं होतं, म्हणून केवळरामही कधी नव्हे तो कोणावर खेकसत नव्हता.

शामकला त्या बायांत होती. ती आंजनटोल्याची आशा कार्यकर्ती. बारा वर्षं झाली तिला या कामात. पण रोवण्याच्या दिवसांत आशा असो की सरपंचीण, कंबर सगळ्यांचीच वाकते. त्या दिवशी मात्र तिला कंबरेचं काही वाटत नव्हतं. आदल्या दिवशी दवाखान्याच्या बैठकीत डॉक्टर मॅडमनं सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं होतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निरोधांचे डबे टांगायचं फर्मान वरून आलं होतं. दुसऱ्या गावांचे डबे महिनोन् महिने भरलेले, कोळ्यांनी जाळी धरलेली. आंजनटोल्याचा डबा आठ दिवसांत रिकामा! "शामकलाताईंनी गावात केवढी जागृती केली बघा," मॅडम म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्या अजून शामकलाच्या कानात होत्या.

तेवढ्यात धुऱ्यावर कोणाचा तरी फोन वाजला.

चंद्रकुमारचा होता. हा सव्वीस वर्षांचा पोरगा गावच्या दंडारीत सोंगं घेऊन लोकांना हसवायचा, आणि आता दंडार वर्षातून एकदाच होते म्हणून बाकीचं वर्ष मोबाइलवर व्हिडिओ टाकून हसवायचा. त्यानं खिशातून फोन काढला. फोन एका पातळ, आरपार दिसणाऱ्या पिशवीत होता आणि पिशवीच्या तोंडाला गाठ मारलेली. पिशवीवरूनच बोट फिरवून तो बोलायला लागला, "हॅलो, बोल बे. रोवन्यात हावो ना..."

शामकलानं कंबर सरळ केली. डोळ्यावरचं पाणी पुसून नीट पाहिलं.

"हे काय होय रे चंदू?"

"मोबाइलचं कव्हर होय, भाभी. पान्याचा थेंब आत जात नाही. पंचायतीत फुकट भेटते."

मग बाकीच्या पोरांनीही आपापले फोन काढून दाखवले. सगळे तसेच बांधलेले. धुऱ्यावरून केवळराम म्हणाला, "बेस चीज हाये वो शामकला. माह्या पंपाचा पाइप गळून राहिला होता. तीन गुंडाळले, आता टिपूस नाही. अखीन आनजो."

बाया हसायला लागल्या. शामकलाच्या कानातल्या टाळ्या बंद झाल्या.

"अरे, ते त्याच्यासाठी नसते!"

"मंग कायच्यासाठी असते, भाभी?" चंद्रकुमारनं तोंड अगदी भोळं करून विचारलं.

बायांनी माना वर केल्या. केवळरामनं पंपाकडं पाहिलं. शामकलानं तोंड उघडलं. बैठकीत, प्रशिक्षणात, कागदावर हे सगळं तिला पाठ होतं. पण इथं गावातले दीर, भाचे, वडीलधारे उभे. तिनं पदर सावरला आणि पुन्हा वाकून रोपं खोवायला लागली. मागून पोरांचं हसू फुटलं.

एकच जण हसला नाही. केवळरामचा पोरगा हिमांशू. लग्नाला सात महिने झालेले, हैदराबादला कंपनीत कामाला, रोवण्यासाठी म्हणून पंधरा दिवसांपूर्वी घरी आला होता. तो धुऱ्याच्या टोकाला एकटाच उभा होता. पेंढी उचलायला गेला की पाय फाकवून, जपून जपून चालायचा. त्याची बायको नीतू चार दिवसांपूर्वी माहेरी निघून गेली होती आणि का गेली ते कोणाला धड माहीत नव्हतं.

*

दुपारी घरी येऊन शामकलानं सासूला सगळं सांगितलं. सासूला ती मामी म्हणायची. सुलोचनाबाई, वय सत्तरच्या वर, जुन्या काळची दाई. आंजनटोल्यातली विशी ते पन्नाशीतली बहुतेक माणसं तिच्या हातावर जन्मलेली. पुढं दवाखान्याची गाडी आली, बाळंतपणं तिकडं व्हायला लागली, आणि त्या गाडीत बायांना बसवून नेणारी तिचीच सून. म्हातारीनं तोंडानं कधी काही म्हटलं नाही, पण बारा वर्षं सुनेच्या कामाची एका शब्दानं चौकशीही केली नव्हती.

मोबाइलच्या कव्हरची गोष्ट ऐकून मात्र ती एवढी हसली की तिला खांबाला धरून बसावं लागलं.

"अन् केवळ्यानं पाइपले गुंडाळले?"

"तीन."

"अवो माय वो!" डोळे पुसून झाल्यावर ती एकदम थांबली. "मंग तू सांगतलं काऊन नाही त्याइले, कायच्यासाठी असते म्हून?"

"कसं सांगू मामी? सगरे मोठे मानसं उभे होते."

"तू गावची आशा होस ना वो? तूच तोंडाले कुलूप लावशीन त पोट्टे फोनालेच घालतीन." मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्या हिमांशूची चाल पाहिली काय? सकाळी इथून गेला. त्याले जखम हाये. अन् जागा कोनती ते मले इथं बसल्या बसल्या समजली."

दुसऱ्या दिवशी हिमांशू दारावरून जाताना म्हातारीनं त्याला हाक मारून पडवीत बसवलं. इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"कुठं दुखते रे बाबू?"

त्यानं आधी मान हलवली, मग खाली पाहिलं, मग त्याच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. हैदराबादला एकदा मित्रांबरोबर बदनाम वस्तीत गेला होता. एकदाच. गावी आल्यावर त्रास सुरू झाला. बाजाराच्या दिवशी तंबूत एक वैद्य बसायचा, त्यानं भस्म दिलं खायला आणि लेप दिला लावायला. लेपानं कातडी सोलून निघाली. नीतूजवळ जायची हिंमत नव्हती, म्हणून तो पडवीत झोपायला लागला, आणि ती रागानं माहेरी गेली.

"आजी, मी मरतो काय?" त्यानं विचारलं. "काल गोठ्यात फवाऱ्याच्या औषधाची बाटली दोनदा हातात घेतली."

आत भाजी चिरणारी शामकला विळी सोडून बाहेर आली. "मरत नाही कोनी याच्यानं. सुई अन् गोळ्या हायेत याच्यावर. तालुक्याच्या दवाखान्यात वेगळी खोली हाये, नाव कोनाले सांगत नाही. चाल माह्यासंगं, आत्ताच चाल."

"नाही भाभी. तिथं आपल्या गावचा कोनी ना कोनी असतेच. सगऱ्या गावात होऊन जाईन. लोक हासतीन." तो उठला. "तुमी कोनाले सांगू नोका. हात जोडतो."

त्यानं शेवटी एवढंच कबूल केलं, की ती बाटली शामकलाकडं आणून देईल. संध्याकाळच्या आधी आणूनही दिली. पण दवाखान्याचं नाव काढलं की मान खाली.

*

दोन दिवसांनी चंद्रकुमार घरी आला. दारातून आवाज दिला, "भाभी, कव्हर हायेत काय? डबा खाली झाला."

शामकला काही बोलायच्या आधीच आतून म्हातारी काठी टेकत आली. "बस बे इथं."

तो बसला.

"का रे, तुह्या फोनाले काय झालं?"

"पानी जाते ना, आजी."

"अन् पानी गेलं त?"

"खराब होते."

"बरं. फोन खराब झाला त गोंदियाच्या बाजारात दुसरा भेटते. मंग मले एक सांग," म्हातारीनं काठी त्याच्याकडं रोखली, "तुह्या फोनाले टोपी घालतं अन् सोता उघडाच फिरतं. तुहा खराब झाला, त दुसरा कोनत्या बाजारात भेटन रे?"

चंद्रकुमारला हसू आवरेना, पण तो तयारीचा गडी. फोन हातातच होता. त्यानं कधी चालू केला ते शामकलालाही कळलं नाही. म्हातारीला आता पुढं कोणी विचारायचीही गरज नव्हती. निरोध कशासाठी असतो, तो कोणी, कधी आणि कसा वापरायचा, एकदा वापरला की फेकायचा, रोग कसा येतो आणि आला तर बायको आणि नवरा दोघांनीही औषध घ्यायचं, तंबूतल्या वैद्याकडं गेलं की दुखणं आणि कातडं दोन्ही कसं जातं, हे सगळं तिनं पडवीत बसून, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मधे मधे शिव्याही होत्या. शामकला दाराआडून ऐकत होती. तिच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकातलं बहुतेक सगळंच त्यात होतं, फक्त पुस्तकात ते झोप येईल असं लिहिलं होतं.

"तुमाले हे येवढं कसं मालूम, मामी?" तिनं बाहेर येऊन विचारलं.

"तू रोज त्या पोरीइले पडवीत बसून सांगत नाही काय, गर्भारपनाचं अन् रोगाचं? मी काय बहिरी हावो?"

बारा वर्षं म्हातारी भिंतीपलीकडून ऐकत होती तर.

चंद्रकुमारनं विचारलं, "आजी, हे टाकू काय मोबाइलवर? सगरे पाहातीन."

"टाक. माहं काय जाते? मी काय लगनाची हावो?"

शामकला "थांब रे" म्हणत पुढं झाली. पण व्हिडिओ गेला. पहिल्या दिवशी गावानं पाहिला, दुसऱ्या दिवशी तिरोड्यानं, आणि चौथ्या दिवशी अर्जुनी मोरगावहून तिच्या मावसबहिणीचा फोन आला, "शामे, तुही सासू आमच्या पोट्ट्यांच्या फोनात हाये वो!" शामकलाचा नवरा जागेश्वर मुलखाचा अबोल, ट्रॅक्टर चालवणारा माणूस. त्यानं जेवता जेवता व्हिडिओ पाहिला, आणि ठसका लागून ताटच उलटं केलं. आईच्या आणि बायकोच्या तोंडाकडं न पाहता उठून हात धुवायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

मग दुसरा व्हिडिओ निघाला. त्यात चंद्रकुमार दंडारीतली दाढी लावून तंबूतला वैद्य झाला आणि म्हातारी त्याचं गिऱ्हाईक. वैद्य म्हणतो, हिमालयातली जडीबुटी आहे. म्हातारी म्हणते, "आमच्या दरेकशाच्या जंगलात काय जडीबुटी संपली काय, त हिमालयात गेला?" आणि पुढं त्याचीच नाडी पाहायला लागते. पोरं ती वाक्यं बांधीत, टपरीवर, बसमध्ये म्हणून दाखवायला लागली. बाजाराच्या दिवशी खऱ्या वैद्याच्या तंबूपुढं कोणीतरी तेच वाक्य ओरडलं आणि पुढच्या बाजाराला तो तंबू काही लागला नाही.

*

शालीकराम तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. गावात तंटा नसला की त्याला करमत नसे. त्यानं सकाळीच दवंडी दिल्यासारखं घरोघर सांगून हनुमानाच्या पारावर बैठक बोलावली.

"गावाची इज्जत चालली," तो म्हणाला. "काल भंडाऱ्याले सोयऱ्याकडं गेलो. तिथं मले इचारतात, तुमी त्या टोपीवाल्या आजीच्या गावचे काय? काय सांगू मी? शामकला, तू शिकलेली बाई. म्हाताऱ्या मानसाले पुढं करून असे धंदे करतं? आजच्या आज मिटवा ते व्हिडिओ."

शामकला उभी राहिली. "काका, ते खरं हाये सगरं. दवाखान्यातही हेच..."

"खरं असन. पन चावडीत सांगाची गोष्ट हाये काय? आपल्या पोरीबाळी हायेत."

बायांच्या घोळक्यातून कोणीतरी उठलं. शालीकरामचीच मुलगी मंजू. गोंदियाला कॉलेजात शिकत होती, सुट्टीत आली होती.

"बाबा, मी पाहिला. होस्टेलातल्या सगऱ्या पोरीइनं पाहिला. दोघी जनी पाहून दवाखान्यात गेल्या. वर्षभरापासून तरास होता त्याइले, सांगाले कोनी नोयतं." तिनं बापाकडं पाहिलं. "मले बी कोनी सांगतलं नोयतं."

शालीकरामनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात सुलोचनाबाई गर्दीतून पुढं आली. ती पाराच्या कडेला बसली, काठी मांडीवर आडवी ठेवली.

"शालीक, तू उलटा आला होता. पायाकडून. तुही माय दोन दिवस अडली होती अन् माहा हात कुठं होता हे मी आता इथं सांगत नाही. तवा कोनाले शरम वाटली नाही. तुले वाटली काय?"

लोक हसले. शालीकरामलाही हसावं लागलं. पण म्हातारी हसत नव्हती.

"एक गोष्ट सांगतो. रुख्मा होती आपल्या गावात. नव्या लोकाइले मालूम नसन. तिचा नवरा कामाले बाहेर जाये. रोग घेऊन आला अन् बोलला नाही. रुख्माचे तीन लेकरं माह्या हातावर मेलेले जन्मले. चौथ्या वेळेस ते बी गेली. मले तवाच समजलं होतं. नवऱ्याले दवाखान्यात ने म्हून मी सांगाले पाहिजे होतं. नाही सांगतलं. शरम वाटली. मी दाई, सगऱ्या गावाले उघडं पाहिलेली, अन् मले बोलाची शरम वाटली." तिनं काठी उचलली. "आता मिटवाचं असन त मिटवा. मी अखीन करीन."

पिंपळावरून साचलेलं पाणी ठिबकत राहिलं. शेवटी शालीकराम म्हणाला, "शिव्या कमी देत जा, काकी." आणि बैठक उठली.

हिमांशू सगळ्यांच्या मागं, पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल घेऊन तो शामकलाच्या दारात आला.

"भाभी, चाला. पन नीतूले कसं सांगू?"

"तूच सांगशीन. मी बाजूले उभी राहातो."

नीतूचं माहेर दोन गावं सोडून होतं. त्यानं परसात, वालाच्या मांडवाखाली तिला सगळं सांगितलं. शामकला विहिरीजवळ उभी. नीतूनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू कुठं गेला होता त्याचा हिशेब मी मंग घेईन. आधी हे सांग, इतके दिवस मले काऊन वाटू देलं, का खोट माह्यातच हाये? मी आरशात पाहून पाहून रडली."

ती आत गेली, चप्पल घालून आली, आणि नवऱ्याच्या गाडीवर न बसता शामकलासोबत बसनं दवाखान्यात आली. डॉक्टरनं दोघांचं रक्त घेतलं, दोघांनाही सुई आणि गोळ्या दिल्या, तिला समजावून सांगितलं, त्याला जरा दटावलंही. पुन्हा तपासणीला कधी यायचं ते लिहून दिलं. बरं होणारं दुखणं होतं. येताना नीतू गाडीवर बसली, पण मधे पिशवी ठेवून. सासरी परत यायला तिनं आणखी तीन आठवडे घेतले. शामकलानं कोणालाच घाई केली नाही.

*

बांधीतला धान निसवायला आला, लोंब्या बाहेर पडायला लागल्या, तोवर सुलोचनाबाईला फोन यायला लागले होते. कुठून कुठून पोरं-पोरी चंद्रकुमारला नंबर मागायची आणि दुपारी म्हातारी पडवीत बसून उत्तरं द्यायची. कोणी छत्तीसगढी बोलायचं, कोणी हिंदी. म्हातारी सगळ्यांशी आपल्या झाडीबोलीतच बोलायची आणि ते सगळ्यांना समजायचं.

एका दुपारी पडवीत चार बाया डाळ पाखडत बसल्या होत्या. केवळराम ओट्यावर तंबाखू चोळत होता. त्याला पोराच्या दुखण्याचं अजून काही माहीत नव्हतं, सून घरी आली एवढ्यावर तो खुश होता. फोन वाजला. म्हातारी थोडा वेळ "हो बाई, हो बाई" करत ऐकत राहिली. मग तिनं फोन कानापासून दूर धरला.

"हे मले नाही मालूम. थांब बाई, माही सून हाये. ते आशा हाये आमच्या गावची. तिले माह्यापेक्षा जास्त समजते. तिले इचार."

शामकलानं हातातलं सूप खाली ठेवलं. बारा वर्षांत असं वाक्य तिनं या घरात ऐकलं नव्हतं. तिनं फोन घेतला. पलीकडं एक मुलगी होती, आवाज अगदी बारीक. लग्न ठरलं होतं. लग्नाआधी दोघांनी तपासणी करायची असते का, मुलाला ते कसं म्हणायचं, आणि निरोध फाटला तर काय करायचं?

पाखडणाऱ्या बायांचे हात थांबले. शामकलानं एकदा केवळरामकडं पाहिलं, एकदा सासूकडं. सासू पान लावत होती, जणू इथं काही घडतच नाही.

"हो बाई, करायची असते. दोघांनीही," शामकला म्हणाली. आवाज तिचा तिलाच हळू वाटला. तिनं घसा साफ केला. "अन् निरोध फाटला, त घाबरू नोको. पहिले हे सांग..."

"अवो शामकला," ओट्यावरून केवळराम म्हणाला, तंबाखूची चिमूट तशीच बोटांत धरून, "जरा जोरानं सांग ना. आमाले इथं आयकू येऊन नाही राहिलं."

शामकलानं पदर खांद्यावर घट्ट खोचला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायला लागली.